दुसरी डब्बी धामणगावात

सिस्टर, आपली यादी वाचली. एक बाळंतीण वाचली, तिच्या लेकराले माय राहिली, अन् हे सगळं त्या यादीपायी झालं. पैले हे सांगून टाकते, मंग बाकीचं. वार्डात कोणी "सिस्टर, त्याचं असं झालं की" म्हणून सुरू झालं की तुमी म्हणत, "शेवट सांगा." तर हा शेवट. तुमाले जाऊन इतके वर्सं झाले की तुमच्यासंगं काम केलेलं माणूस त्या दवाखान्यात आता एकई नाई. मीच आपली अधूनमधून चक्कर मारते. माह्यं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यातलीबी अर्धी अक्षरं तुमीच घोटून घेतली, तर चुका काढत बसू नका.

आताच्या पोरीले सांगतलं तर हसतात, पण तवा रक्त लागलं की फोन नव्हता, काई नव्हतं, तुमची वही होती. तुमी रक्ताच्या खोलीच्या सिस्टर, मी आया. वय पंचवीस अन् सारा वार्ड मले मावशी म्हणे. बोलावलं की येऊन रक्त देतील अशा लोकाईचं नाव, गाव, रक्ताचा गट, अन् निरोप कोणाच्या दुकानात ठेवायचा, हे सगळं वहीत. एक वही दवाखान्याच्या कपाटात. दुसरी मोर्णा नदीच्या पल्याड, जुन्या शहरात, तुमच्या सैपाकघरात, फळीवरच्या बिस्किटाच्या डब्यात. शनिवारी दुपारी ड्युटी सुटली की मी चिठ्ठीवर नवी नावं घेऊन तुमच्या घरी येते, तुमी स्टोव्हवर वरण ठेवता, अन् मी पाटावर बसून ती नावं घरच्या वहीत उतरवते. एक अक्षर चुकलं की तुमी पळी खाली ठेवता. पळी खाली ठेवली की मी समजून जाते.

एकदा मले कंटाळा आला. तुमी घरी नसतांना तुमच्या आईले मागून ती घरची वहीच उचलली अन् दवाखान्यात नेली. म्हटलं दोन्ही समोर ठेवून झरझर उतरवून टाकू. तुमी आल्या, दारातच थांबल्या.

"दोन्ही वह्या एका टेबलावर?"

"लवकर होते सिस्टर."

"आणि छत गळलं तर?"

"आता कुठं पाऊस हाय सिस्टर? मे महिना हाय."

"मग दुसरी वही कशाला केली गं आपण? शोभेला? जा, घरी ठेवून ये. आत्ता."

भर उन्हात पूल ओलांडून गेली मी. तोंडानं काय काय बडबडत गेली ते इथं लिहीत नाई. अन् दुसरं तुमचं ते महिन्याचं. घरच्या वहीतल्या एका नावावर बोट ठेवायचं अन् मले धाडायचं. मी म्हणे, "नाव हाय ना वहीत सिस्टर." तुमी म्हणत, "वहीत आहे. माणूस आहे का, ते बघून ये." तसंच तर मी पैल्यांदा बाळापूरले गेली, त्या गादीवाल्या चाचाच्या घरी. त्याईचा गट असा की साधं ओ रक्तबी त्याईले चालत नाई, अन् तसं रक्त अख्ख्या वहीत फक्त त्याईचं. चाचा कापूस पिंजत बसले होते, दाढीवर, भिवईवर सगळा कापूस. मी विचारलं, "तुमी हाय ना?" तर म्हणे, "दिख तो रहा हूँ." मंग मी परत येऊन वहीत टिक केलं. त्याच महिन्यात तुमच्या ध्यानात आलं की मी तीनचा आठ करून राहिली. तुमी मले डोळ्याच्या डॉक्टरकडं ओढत नेलं अन् काळ्या दांडीचा चष्मा घेऊन दिला. म्हटलं, "हा चष्मा तुझ्यासाठी नाही, यादीसाठी आहे." गोड बोलायचं तुमाले जमलंच नाई कधी.

तुमी गेल्या अन् वह्या माह्याकडं आल्या. मंग पुढं मंडळ निघालं, रक्तदात्याईचं. चांगलेच लोक हाय, नावं ठेवत नाई, पण कामापेक्षा बॅनर मोठं. सेक्रेटरीनं यादी कम्प्युटरवर चढवली. मी विचारलं, दुसरी वही कुठं? म्हणे, "मावशी, कम्प्युटर हाय ना, आता वही कायले?" मी म्हटलं, "बाबू, कम्प्युटर म्हणजे एक वही झाली. दुसरी कुठं?" तर त्यानं बोट वर केलं. "वर टाकली हाय, क्लाऊडवर." वर म्हणजे कुठं? "वर, मावशी!" मी छताकडं पाह्यलं, तिथं पंखा होता. बरं, वर तर वर, राहू दे. पण कुलूप उघडाचा नंबर कोणाच्या फोनवर येते? म्हणे, माह्याच. एकट्याच्याच? म्हणे हो. तवाच मले समजलं का आपली दुसरी वही अजून झाली नाई.

मंग मी माह्या लेकीले धरलं. ती धामणगाव रेल्वे म्हणून गाव हाय तिथं दिली, तिथं एका धान्याच्या आडतीत कम्प्युटरवर बसते, पक्की हाय कामाले. पैले मी बाजारातून रस्त्यावरचा पेनड्राइव आणला, विकणाऱ्यानं सांगतलं हत्ती मावते म्हणून. लेकीनं यादी भरली, लोकाईचे कागद, फोटो, सगळं भरून पाह्यलं. नावं सारी दिसून राहिली, उघडाले गेलं की एक उघडे नाई. ते तसंच नाल्यात फेकलं. दुसऱ्या दिवशी आमी दोघी खऱ्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, "आजी, कायचा डाटा ठेवायचा हाय, भजनं?" मी म्हटलं, "रक्त." त्याचं तोंड पाहासारखं झालं. लेकीनं समजावून सांगतलं, तवा कुठं त्यानं काचेतून ती हार्ड डिस्क काढली. मी तिले डब्बीच म्हणते. तिथून एक घेतली, अन् दुसरी मुद्दाम दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या कंपनीची. तो म्हणे, दोन घ्या, सारख्या देतो. मी म्हटलं, सारख्या नोको, सारख्या संगंच मरतात. लेकीनं दोन्ही काठोकाठ भरल्या, परत उघडून वाचल्या, तवा घरात घेतल्या. तर कम्प्युटर मंडळाच्या खोलीत, एक डब्बी सेक्रेटरीच्या घरी, अन् तिसरी जागा धामणगाव. सगळीकडं कुलूप, काऊन की कोणाच्या अंगात कोणतं रक्त हाय हे चौकात लावाची गोष्ट नाई, हे तुमचंच म्हणणं. महिन्यातून एकदा मी रेल्वेनं जाते, नवी नावं नेते, अन् लेक धामणगावच्या डब्बीतलं एक नाव काढून फोन लावते. "हाय का तुमी?" लोक चिडतात. चिडू दे. काई बदललं असलं की ती तिथंच लिहून घेते.

आता ऐका दसऱ्याचं. मी काई पूजेच्या विरोधात नाई, माह्याच घरी नवमीले विळा अन् कात्री पाटावर ठेवते, हळद-कुंकू लावते. पण मंडळानं ठरवलं, यंदा यादीची पूजा. कम्प्युटर तर मांडलाच, वरून सेक्रेटरी म्हणे, "दोन्ही डब्ब्याबी पाटावर पायजे. कामाचं हत्यार हाय, एक सुटली तर बरं दिसत नाई." मी म्हटलं, धामणगावची येणार नाई. "काऊन? तिले सोवळं हाय का?" म्हणे अन् सारे हसले. दुसरा म्हणे, "मावशीची लेक सासरी दिली, तशी डब्बीबी सासरी दिली, आता दिवाळीलेच येईन." मी म्हटलं, "हसा. पण तीन घरं केली ती एका पाटावर आणाले नाई." अध्यक्ष म्हणे, दहा मिनिटाचं काम हाय मावशी, दहा मिनिटात काय होते?

ती आली नाई. बाकीचं सगळं आलं. झेंडूचा हार कम्प्युटरले, गंध कम्प्युटरले, डब्बीवर हळद-कुंकवाचे पाच बोटं, अन् जिथं वायर घुसते त्या फटीत अक्षता. मंग नारळ. नारळ कुठं फोडला, तर त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर. पानी असं उडालं की कम्प्युटरच्या जाळीतून आत, अन् डब्बी न्हाऊन निघाली. सेक्रेटरीनं रुमालानं पुसली, म्हणे, "प्रसाद हाय, काई होत नाई." मी खोबरं घेऊन घरी आली. माह्या मागं त्याईनं फोटोसाठी कम्प्युटर चालू केला अन् तो फट् करून बंद पडला, हे मले कोणी सांगतलं नाई. दिवाळीनंतर दाखवू म्हणे मेकॅनिकले.

चार दिवसानं, सकाळी अकरा वाजता, दवाखान्यातून फोन. बाळंतीण हाय, रक्त थांबून नाई राहिलं, अन् गट तोच, चाचावाला. मी गेली तर तिची माय व्हरांड्यात भिंतीले टेकून उभी. मले म्हणे, "बसली तर काई होईन असं वाटून राहिलं, म्हणून उभी हाय." सेक्रेटरी धावत आला. कम्प्युटर बंद. डब्बी लावली, तिच्यातून किरकिर आवाज, बाकी काई नाई. वर टाकलेलं उघडाले गेला तर कुलपाचा नंबर त्याच्या जुन्या सिमवर, अन् ते सिम त्यानं गणपतीत बंद केलेलं. घामानं शर्ट भिजला पोराचा, पोर म्हणजे पन्नास वर्षाचं. म्हणे, "मावशी, तुमाले तर ठाऊक हाय ना, चाचा नाई राहिले, पण बाळापूरले त्याईची लेक हाय, तिचा तोच गट. गाडी काढतो, चला बाळापूरले."

मीबी निघालीच होती सिस्टर. पाय जिन्यावर होता. मंग म्हटलं थांब, नाव तर हाय, माणूस हाय का ते पाह्य. लेकीले फोन लावला. ती आडतीत होती, म्हणे दोन मिनिटं, घरी पोचते. दोनाचे दहा झाले. ते दहा मिनिटं त्या बाळंतिणीची माय माह्या तोंडाकडं पाहून राहिली अन् मी घड्याळाकडं. मंग लेकीनं उघडली डब्बी. उघडली सिस्टर, पैल्या झटक्यात उघडली! म्हणे, "आई, बाळापूरले जाऊ नोको. मी श्रावणात फोन केला होता, ती आता जुन्या शहरात राह्यते, उर्दू शाळेत शिकवते. नंबर लिही. अन् दुसरा एक अमरावतीले हाय, त्यालेबी मीच लावते फोन."

जुनं शहर! पुलाच्या पल्याड! बाळापूरले गेलो असतो तर कुलूप पाहून परत आलो असतो. चाचाची लेक शाळेतून तशीच निघाली, खडू लागलेल्या हातानं. मले पाहून म्हणे, "मावशी, अब्बा के ज़माने से आप ही आती हो, अब भी आप ही?" मी म्हटलं, "दिख तो रही हूँ." तपासण्या झाल्या, तिचं रक्त चढलं. अमरावतीवाला एसटीनं चार वाजता पोचला, त्याचं चढलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले अन् त्या मायले म्हणे, आता बसा. ती जी बसली ते खालीच, फरशीवर, अन् तिनं माह्ये पाय धरले. मी ओढून घेतले, मले असलं चालत नाई. पण सिस्टर, छाती अशी फुगली होती की नर्सिंगच्या पोरी पाहून राहिल्या. आता मंडळाच्या खोलीत नियम लिहून लावला, मीच सांगतलं तसा: तीन जागी, कधी एकत्र नाई, दर महिन्याले उघडून पाहाची. सेक्रेटरीनं माफी मागतली नाई, चहा पाजला. चालते. क्लाऊडच्या कुलपावर आता तिघाईचे नंबर हाय.

काल मंडळानं माहा सत्कार केला. शाल, अन् नारळ, नारळ द्याले काई चुकले नाई. अध्यक्ष भाषणात म्हणे, सारे हसत होते, पण मावशी एकट्या ठाम राहिल्या, डब्बी आणली नाई. टाळ्या पडल्या, अन् मी मान हलवली. तुमच्यासमोर मान हलवता येत नाई म्हणून लिहून राहिली. त्याईचं हसणं मले लागलं होतं. नवमीच्या आदल्या दिवशी मी धामणगावले गेली होती, डब्बी आणालेच गेली होती, पिशवीत मऊ फडकंबी घेतलं होतं गुंडाळाले. लेकीनं दिली नाई. म्हणे, "आई, तुले देवाले दाखवाची असंल तर देव इकडं आण." मी रागावली, माय मी हाय का तू म्हटलं. तिनं कपाटाची किल्ली कमरेले खोचली अन् मले जेवाले वाढलं. मी जेवली, अन् फडकं घेऊन गाडीत बसली. टाळ्या तिच्या होत्या सिस्टर. मी तिले अजून सांगतलं नाई.