दाराच्या काचेवरचा कागद

३ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून पंधरा दिवस झाले. अजून करकरते मेली. गोळ्या वेळेवर घेता ना?

नवं धोरण म्हणतं, शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला बसून शिकावं. आपल्या शाळेत फॉर्म सगळे भरलेत, बसलं मात्र कुणीच नाही. प्रत्येक वर्गाच्या दाराची काच आतून कागद चिकटवून बंद. काढा म्हटलं की माना डोलावतात आणि कागद जिथल्या तिथे. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. खोट्या फॉर्मवर सही करणं मला जमणार नाही, आणि न केली तर खुर्ची जाईल. म्हणून फॉर्म खरे व्हायला सुरुवात माझ्यापासूनच, सोमवारी अपूर्णांकांचा तास मीच घेणार आहे. बसा म्हणावं सगळे मागच्या बाकांवर.

लोभ आहेच, थोडा धीरही पाठवा.
तुमची ठमी

५ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

गोळ्या घेतो. हा आगाऊपणा मात्र करू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुख्याध्यापक सगळ्यांदेखत चुकला की त्याला कुत्रं विचारत नाही. बावीस वर्षं मी माझ्या तासाला कुणाला बसू दिलं नाही, म्हणून दरारा टिकला. तुझी आईही हेच म्हणते. म्हणजे, विचारलं तर म्हणेल.

काळजीत असलेला,
बाबा

१२ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तास पार फसला. कागदाच्या पट्टीचे तीन समान भाग करायला गेले आणि माझेच भाग लहानमोठे झाले. मुलं खो-खो हसली. मला रडू यायचं बाकी होतं. तरी नंतर शिक्षकांना विचारलं, कुठे चुकले? गणिताच्या जुन्या बाई म्हणाल्या, की त्याच वाकड्या भागांवरून समान म्हणजे काय ते मुलांना विचारायचं होतं, आयता हातात आलेला धडा तुम्ही सोडलात. आणि उद्या माझ्या तासाला या, असंही म्हणाल्या.

गेले. काचेवरचा कागद त्यांनी पातं घेऊन स्वतः खरवडला होता. तास संपल्यावर म्हणाल्या, शाळेतला पहिला कागद त्यांचाच. फळ्यावर एक आकडा चुकला, तो तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी काचेतून पाहिला आणि आत येऊन मुलांसमोर त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. नाव त्यांनी घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

लोभ आहे तसाच राहू द्या.
ठमी

१५ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

नाव तुला कळलं आहे. तो खडू मी खिशात घालून घरी आणला होता आणि जेवताना तुम्हाला हसत सांगितलं होतं. आज लाज वाटते.

सोबत बाईंसाठी वेगळी चिठ्ठी आहे, ती उघडू नकोस. त्या हो म्हणाल्या तर एकदा त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसायला येईन. नाही म्हणाल्या तर फाटकातूनच परत फिरेन. काचेतून बघणार नाही.

तुझे बाबा