मासोळ्यांची एकादशी

ब्राह्मणपारा, रायपूर
२० मे २०२६

चि. सौ. मंजिरीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र काहून, असं म्हणशील. आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, आणि ही गोष्ट तुझ्या वहिनीसमोर बोलण्यासारखी नाही.

गच्चीवरची मासोळ्यांची टाकी तुले ठाऊकच आहे. मोबाइलवर पाहून पाहून मांडली. टाकीतलं पाणी छोटा पंप वर चढवतो, ते गिट्टीच्या वाफ्यातून झिरपून परत टाकीत येतं. मासोळ्यांची घाण गिट्टीतले जिवाणू खत करून देतात, भाजी ते खाते, पाणी निवळतं. माती नाही, युरिया नाही. लाल भाजी अशी तरारली की गोदूनं मले जन्मात पहिल्यांदा हुशार म्हटलं.

पण शाकाहारी घरात मासोळ्या, म्हणून तिनं आधीच अट घातली होती, की आपल्या हातून एक जरी मेली तर त्याच दिवशी टाकी खाली करायची. मी हव म्हणून बसलो. आता लागला अधिक महिना. मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य, म्हणून पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका डबे घेऊन जिना चढून राहिल्या. गोदू चटई टाकते, पन्हं देते, मोठ्या थाटात गोळ्या वाटते. इकडे पाण्याला वास सुटला, मासोळ्या वर येऊन आ करून राहिल्या. तू शाळेत विज्ञान शिकवलंस, लवकर काही सांग.

तुझा,
नीलकंठदादा

वर्धा
२३ मे २०२६

ती. दादास,
मंजिरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. दादा, मासोळ्यांना अजीर्ण झालंय. खाल्लेल्याची घाण, न खाल्लेली कणीक सडते ती वेगळीच. एवढं पचवणं त्या गिट्टीच्या आवाक्यातलं नाही. चार दिवस अन्नाचा कण टाकू नकोस आणि अर्धं पाणी बदल. उपाशी राहून त्या मरणार नाहीत, खाऊन मरतील.

वहिनीला सरळ सांग. तेवढी छाती नसेल (नाहीच, मला माहीत आहे), तर बुधवारी एकादशी आहे. कणीक म्हणजे धान्य, एकादशीला ते मासोळ्यांना कसं चालेल, एवढंच विचारून बघ. पण पाणी बदलायला विसरू नकोस.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो भाजीसारखा वाढू दे.

तुझी,
मंजिरी

ब्राह्मणपारा
२८ मे

चि. सौ. मंजिरीस,
आशीर्वाद.

तुझी युक्ती अंगलट आली. मी विचारलं, तर गोदू म्हणाली की बरं झालं आठवण केली, नाही तर पाप लागलं असतं. कणीक बंद केली आणि मासोळ्यांसाठी साबुदाणा भिजवला! बायकांनी वाट्या भरभरून आणला. पाणी पेजेसारखं झालं. एवढ्या बायकांसमोर पाणी बदलायचंही राहून गेलं.

आज सकाळी एक मासोळी मेलेली सापडली. गोदू जिन्यात जाऊन बसली. दिलेला शब्द आहे. पान्हा घेऊन पाईप सोडवायला बसतोय. बाकीच्या संध्याकाळी बूढा तालाबात सोडून येईन. भाजीची शेवटची जुडी तुले पाठवता आली असती तर बरं वाटलं असतं.

दादा

ब्राह्मणपारा
३ जून

चि. सौ. मंजिरीवन्संस,
गोदावहिनीचे आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या दादांचा पान्हा मी हिसकावला. अट माझी, तर मोडायचा हक्कही माझाच. बाकीच्या जिवंत मासोळ्या माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या, त्यांना कोणत्या तोंडानं तालाबात धाडू?

मग यांनी सारं सांगितलं. एवढं आधी काहून नाही बोललात म्हणून मी चांगलं झापलं. तर म्हणतात, आपली पोट्टी लग्न होऊन सासरी गेल्यापासून तुझी गच्चीवर अशी मैफल भरली नव्हती, मोडवेना. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

आम्ही दोघांनी बादल्यांनी अर्धं पाणी उपसलं, ताजं भरलं. गुडघे अजून बोलतात. मासोळ्यांना कडक उपास दिला, साबुदाण्याशिवायचा. रविवारी पाणी निवळलं आणि पोट्ट्या खाली जाऊन पळापळी करू लागल्या. आता चिमूटभर दाणा फक्त मीच टाकते, यांनाही हात लावू देत नाही.

बायका मात्र रोज येतात. डबे जिन्यातच ठेवायला लावते. शेजारच्या रीनाची सासू फणफणली, की अधिकात पुण्याला आडवी येते ही. मी तिच्या डब्यात लाल भाजीची जुडी कोंबली आणि म्हटलं, आता पाऱ्याला जेवू घालायचं पुण्य मासोळ्याच कमावून राहिल्या, आपण नुसता डबा पुढे करायचा. ती हसत हसत उतरली आणि दुसऱ्या दिवशी मोठा डबा घेऊन आली.

तुम्हीही या, रिकामा डबा घेऊन. माया अशीच राहो, भांडणं पत्रातच बरी.

तुमची,
गोदावहिनी