सुई सोडायची नाही

७ एप्रिल २००२, परतूर

आलो एकदाचा! गाडीतून उतरलो तर सिराजोद्दीनचाचा स्वतः स्टेशनवर हजर. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी माझी बॅग उचललीसुद्धा. बाजारात खाली त्यांचा फोटो स्टुडिओ, वर कॉम्प्युटरची खोली आणि तिथेच माझी खाट. लग्नाच्या कॅसेटी जुळवायच्या, त्यात नवरा-नवरीची नावं नाचवायची, फुलं उडवायची, हे माझं काम. जालन्याला क्लास लावला तेव्हा सगळे हसले होते. आता हसा म्हणावं.

नंदा माहेरी आहे, पिंपळगाव रेणुकाईला. दिवस भरत आलेत. तिचा डोहाळजेवणातला हिरव्या साडीतला फोटो पाकिटात आहे. मुलगीच होणार हे तिने परस्पर ठरवून टाकलंय. मला एवढंच बजावलंय की बाळंतपणाच्या वेळी तुम्ही दारात दिसले पाहिजेत, बाकी काही नको. मी शब्द दिलाय. मग दोघींना इकडेच आणणार.

९ एप्रिल

हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर ज्याने बनवलं त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला पाहिजे. ढीगभर बटणं, सगळी बडीशेपेएवढी. एकावर चिमटा, एकावर हात, एकावर चक्क कांदा. कांदा कशाला बाबा? दाबून बघितला तर एकाच नवरदेवाचे तीन नवरदेव झाले. ‘सेव्ह’ आणि ‘डिलीट’ मांडीला मांडी लावून बसलेत. केलेली चूक मागे घेता येते, पण फक्त शेवटची.

खाली एक लांब पट्टी, तिच्यावर लाल सुई. पहिलं चित्र आपण द्यायचं, शेवटचंही आपणच द्यायचं, मधली सगळी ते स्वतः काढतं. सुई सरकेल तसं चित्र बदलत जातं. मात्र सुई मधेच ठेवू म्हटलं तर माउसवरचं बोट उचलताच ती चुंबक लावल्यासारखी पुढच्या खुणेला जाऊन चिकटते. हे बंद कुठून करायचं, देव जाणे. चाचा म्हणतात, “बेटा, जल्दी करू नको, हळूहळू बराबर जमतंय.”

१४ एप्रिल

इकडच्या गिऱ्हाइकांना कॅसेटच्या सुरुवातीला घरातल्या गेलेल्या माणसांचा आशीर्वाद लागतोच. पहिलं चित्र म्हणजे साधा फोटो. शेवटचं म्हणजे तोच फोटो हार घालून आभाळात, आणि वरून पाकळ्या पडताहेत. माझ्या आधी इथे मच्छिंद्र होता, त्याने हा साचा तयार करून ठेवलाय. आज एका घरच्या द्वारकाबाईंचा आशीर्वाद केला. त्यांचे यजमान बघायला आले होते. पाकळ्या पडायला लागल्या तसे ते उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. मलाही भरून आलं.

मच्छिंद्रने काम का सोडलं, असं विचारलं तर चाचांनी चहा मागवला.

१९ एप्रिल

नंदाचा फोटो स्कॅन केला. भोवती फुलांची वेल काढून बारशाला तिला दाखवायची होती. आळशीपणाने तो गिऱ्हाइकाच्याच फोल्डरमध्ये ठेवला. मग त्यांच्या आजोबांना आशीर्वादात टाकायला गेलो. समोर आलेल्या खिडकीत एक खूण आधीच करून ठेवलेली: सगळ्या फोटोंना लागू करा. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. न वाचताच ओके दाबलं.

आजोबांबरोबर नंदाही साच्यात गेली. माझ्या नंदाच्या गळ्यात हार.

घाईत माउस हलला आणि एक झेंडू जागचा सरकला. ‘मागे घ्या’ दाबलं तर मागे आला तो झेंडू. पुसायला गेलो तर विचारतंय, हे न ठेवायचं रद्द करू का? हो म्हणू की नाही? दोन्ही दाबून पाहिलं. ती तिथेच. जिवंत माणसाला हार घातला मी.

२३ एप्रिल

अख्खी फाइल उडवली होती. आज मशीन लावलं तर परत जागेवर. सुई पहिल्या चित्रावरून पुढे सरकलीय, मी हात लावलेला नाही. चित्रात नंदाचा चेहरा सुजलाय, डोळे बारीक झालेत. साच्यात सूज कुठून येणार?

दुपारी पिंपळगावच्या किराणा दुकानात फोन करून सासूबाईंना बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, पोरीच्या तोंडावर सूज आली, डोकं लई दुखून राह्यलं, डॉक्टरनं बीपी वाढलं म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि तिथेच पायरीवर बसलो.

२६ एप्रिल

सुई आणखी पुढे. आज ती माउसने पकडून मागे ओढली आणि तशीच धरून ठेवली, दुपारभर. संध्याकाळी खाली सासूबाईंचा फोन आला, चाचांनी जिन्यातून निरोप सांगितला. पोरगी उठून बसली, भाकर खाल्ली, जरा हसली बी.

आनंदात बोट उचललं. सुई झटकन पुढच्या खुणेला.

थोड्या वेळाने खाली पुन्हा फोन. उलट्या सुरू झाल्या.

२८ एप्रिल

डाव्या हाताने लिहितोय. उजवा माउसवर. आता पुढची खूण म्हणजे शेवटचं चित्र.

नंदाला भोकरदनला दवाखान्यात नेलंय. तिचा निरोप आला, एकदा येऊन जा, मंग काही बी होऊ द्या. काय सांगू तिला? इथून उठलो तर —

चाचांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, मच्छिंद्रही असाच बसला होता, बापासाठी. बाप तिकडं पोराचं नाव घेत गेला अन् पोरगं इथं माउस धरून. “तू तरी जा बेटा. मी धरतो.” पण त्यांचा हात थरथरतो. बशीतला चहा सांडतो त्यांचा.

मच्छिंद्रचं बोट सुटलं असणार. माझं सुटणार नाही.

२९ एप्रिल

सुई ओढ घेतेय. मनगट बधिर. सासूबाई फोनवर मला शिव्या देतात, कसला नवरा म्हणतात, असं चाचा वर येऊन सांगतात. बरोबर आहे त्यांचं. नंदा, मी तुझ्याकडेच बघतोय गं, दिवसभर —

३० एप्रिल

लाइट गेली. कॉम्प्युटरची बॅटरी कोकलतेय.

पडद्यावर चौकोन. बंद करू? हो. नाही. कुठलंही दाबायचं तर सुई सोडावी लागते. कुठलंही —

खाली फोन. चाचांनी घेतला.

मुलगी झाली! ओरडून सांगितलं त्यांनी. मुलगी! नंदा कशी आहे, विचारलं. पुन्हा विचारलं. खाली फोन ठेवल्याचा आवाज —

पडदा काळा झाला. बोट दाबलेलंच आहे.

चाचा जिन्यात उभे आहेत. रडताहेत. म्हणतात, ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती —

सोडली नाही, नंदा. बघ ना. अजून धरून — एकदाही मी —