नोल्वेन पडली

९ जून, क्लेअरफोंतेन

स्पर्धेच्या संघाच्या यादीत नाव आलं. याही वेळी दुसरंच. पहिली गोलकीपर नोल्वेन, राखीव मी. सहा वर्षं फ्रान्सची जर्सी घालतेय आणि एक मिनिट खेळलेली नाही! बाकीच्या बदली म्हणून तरी उतरतात. गोलकीपर कोण बदलतं?

पापांचा फोन. गावच्या क्लबात ते बटाटे तळतात, तळता तळताच बोलत होते. "लुलू, तुझी जर्सी धुवायला टाकूच नकोस. घाम कुठे लागतो तिला?" मागे सगळे खिदळले. मीही हसले. फोन ठेवल्यावर रडू आलं. एकतीस वर्षांची घोडी झाले, तरी!

१६ जून

दुसरा सामनाही जिंकलो. पुढची फेरी पक्की, म्हणजे गुरुवारचा सामना नुसता नावाला. आता तरी मला खेळवतील? आमच्या प्रशिक्षक मादाम रुसेलना विचारलंच. "पाहू." इतकंच. पण नाही म्हणाल्या नाहीत.

१७ जून

ही माझी शेवटची स्पर्धा. ही संपली की सोडणार. हे फक्त नोल्वेनला ठाऊक आहे.

आज सरावानंतर आम्ही दोघी हातमोजे धूत होतो. ती म्हणाली, "आणि रुसेल म्हातारीने पुन्हा मलाच उभं केलं तर?"

"तर काय? बसेन. बसायची सवय आहे."

"मग मी पडेन. गुडघा धरून अशी बोंबलेन, की तुला उतरवावंच लागेल!" आणि तिथेच ओल्या फरशीवर लोळून दाखवलं. बचावफळीतली ऐसाता दारातून ओरडली, "ऊठ गं, नटवे!" पोट दुखेपर्यंत हसलो.

खरं तर मी हिच्यावर जळायला हवं. जमत नाही. मेली आहेच तशी.

१९ जून

उद्याचा संघ लागला. नोल्वेनच. मादाम म्हणतात, बसलेली घडी मोडायची नाही. घडी! जेवले नाही. नोल्वेन सारखी माझ्याकडे बघत होती — मी तोंड फिरवलं.

२० जून

खेळले! मी खेळले!

नीट लिहिते. दोन गोलांनी पुढे होतो. कोपऱ्यातून चेंडू आला, नोल्वेनने उंच उडी मारून झेलला आणि खाली आली ती गुडघा धरूनच. किंचाळली. मी मनात म्हटलं — केलंच पोरीने! तिला स्ट्रेचरवरून नेत होते. मी वाकून कानात म्हटलं, "काय नाटक केलंस गं, राणी!" वर डोळाही मारला. तिने माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, माझ्या आनंदाचं.

मग शेवटची पंधरा-वीस मिनिटं गोलमध्ये मी. एक चेंडू बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर काढला. पापा अख्खी आळी बसमध्ये घालून आले होते. सामन्यानंतर मिठी मारून उभेच राहिले. टोमणा नाही, काही नाही.

नोल्वेन कुठे दिसली नाही. दवाखान्यात नेलंय म्हणे, तपासायला. नाटक जरा लांबलंच.

२१ जून

गुडघ्याचा अस्थिबंध तुटलाय. पुरता.

ऐसाता म्हणाली, "तेहतिसाव्या वर्षी यातून कोण परत येतं?"

आणि मी तिला डोळा मारला! स्ट्रेचरवर! जीभ का झडली नाही माझी?

सोमवारी उपांत्यपूर्व सामना. गोलमध्ये मी. इतकी वर्षं हेच मागत होते ना? एकच आधार आहे — ते नाटक नव्हतं. खेळात हाडं मोडतात, कुणाचीही मोडतात. माझा त्यात हात नाही. दहादा स्वतःला हेच सांगितलं.

२२ जून

दवाखान्यात गेले. डोळा मारल्याची माफी मागितली. नोल्वेन हसली. "माफी कसली, वेडे? ठरवूनच पडले मी. पाय नुसता मुडपायचा होता. जरा जास्तच मुडपला."

कुणाला सांगू नकोस म्हणाली. आणि मग, "सोमवारी गोलरेषेला चिकटून उभी राहू नकोस. दोन पावलं पुढे ये."