दुसऱ्या गाडीशेजारची जागा

तीर्थस्वरूप मामांना,

लांबूनच वाकून नमस्कार (जवळ असतो तर पायांना हात लावला असता आणि मग हाताला लागलेलं तुमच्या गॅरेजचं ग्रीस घालवायला रॉकेल शोधत फिरलो असतो). तुमची कंबर कशी आहे? गाडीखाली सरपटत जाणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही सरपटणं चालू ठेवून डॉक्टर बदललेत, हे आईकडून समजलं. मामीचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझी प्रकृती उत्तम आहे. वजन थोडं उतरलंय, झोप मोडते आणि एकट्यासाठी ताट कशाला मांडायचं म्हणून ओट्याशी उभ्याउभ्याच जेवून घेतो, पण एरवी अगदी उत्तम. आईने विचारलं तर नुसतं 'उत्तम' एवढंच सांगावं.

मी इथे नक्की काय करतो, हे घरात कुणालाच कळलेलं नाही, अशी तुमची तक्रार आहे. बाबा लोकांना सांगतात की मुलगा विजेच्या खात्यात आहे. त्यामुळे एकदा मुळापासून लिहितो. कॉलेज मी का सोडलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच (बाबांना ठाऊक असलेली हकिगत वेगळी आहे, ती राहू द्या). यंत्रशास्त्राचे आमचे सर वर्गात म्हणाले होते की विजेच्या गाड्या दूध पोचवायला ठीक आहेत, पण त्यांच्या शर्यती लावणं म्हणजे इस्त्र्यांच्या शर्यती लावण्यासारखं आहे. सगळा वर्ग हसला. मी उभा राहिलो. उभा राहिल्यावर माझ्या तोंडाचा ताबा सुटतो, हे तुम्ही मी पाळण्यात होतो तेव्हापासून सांगत आला आहात. बोलून झाल्यावर सर म्हणाले, बसा आता. तर बसायचं कसं? मी तडक बाहेर पडलो. फाटकाशी आल्यावर लक्षात आलं की दप्तर बाकावरच राहिलंय. आता दप्तर आणायला परत वर्गात गेलो असतो तर सगळं मुसळ केरात गेलं असतं, म्हणून मग शिक्षणच सोडलं.

तर हा खेळ असा. एकाच माणसाला बसता येईल अशी सुईसारखी निमुळती गाडी, विजेवर चालणारी. आवाज नाही, धूर नाही, म्हणून शर्यत गावाबाहेरच्या माळावर न भरता भर शहरात भरते. परवापर्यंत जिथे बस थांबत होती तिथे वळण, जिथे वाचनालय आहे तिथे सरळ पट्टा. माणसं खिडकीत टॉवेल वाळत घालता घालता शर्यत बघतात. मी आलो तेव्हा हा खेळ अगदी बाळसं धरत होता आणि त्यात एक मोठी अडचण होती. बॅटरी शर्यतीच्या मध्यावरच दम टाकायची. त्यावर तोडगा काय, तर प्रत्येक ड्रायव्हरला दोन गाड्या. निम्मी शर्यत पहिलीत पळवायची, मग ती आत आणायची, टुणकन उडी मारून दुसऱ्या, भरलेल्या गाडीत बसायचं आणि सुसाट निघायचं. (तुम्ही हे वाचून हसताय, ते मला इथून दिसतंय. तुमचं म्हणणं असणार की असे तर पूर्वी घोड्यावरून जाणारे लोकही गावोगावी घोडे बदलायचे. बरोबर आहे. पण त्यांना कुणी हसलं का?)

माझं काम ड्रायव्हरचे पट्टे आवळण्याचं. खांद्यावरून दोन, कमरेला दोन, मांड्यांमधून वर येणारे, सगळे एकाच कुलपात खटकन बसले पाहिजेत, आणि तेही ड्रायव्हर घामाघूम होऊन ओरडत असताना. या कामात मी असा तरबेज झालो की दुसऱ्या संघांचे लोक सरावाच्या वेळी बघायला यायचे. खोलीवरही सराव करायचो. उशीला खुर्चीत बसवायचं आणि पट्ट्यांनी आवळायचं. एकदा घरमालकीणबाई दार न वाजवता आत आल्या. उशीला हेल्मेट घातलेलं होतं आणि मी तिला, घाबरू नकोस, मी आहे ना, असं सांगत होतो. त्या दिवसापासून त्या माझ्याशी फार हळू आवाजात आणि प्रेमाने बोलतात.

आता खरी गोष्ट अशी की पट्टे आवळणं हे काम डोळ्यांची उघडझाप व्हावी तेवढंच. उरलेला सगळा वेळ, म्हणजे पहिली गाडी बाहेर धावत असते तोवर, दुसऱ्या गाडीशेजारी जमिनीवर बसून वाट बघायची. आणि तिथे गाडीच्या दुसऱ्या अंगाला बॅटरीवाली बसलेली असायची. तिचं काम बॅटरी फार तापत नाही ना, ते पडद्यावर बघत राहण्याचं. बॅटरी उभ्या गाडीत काय तापणार? त्यामुळे तिलाही काम नव्हतं. आम्ही बोलायचो. तिने मला सांगितलं की बॅटरी माणसासारखीच असते, पूर्ण रिकामी होऊ दिली तर पुन्हा धड भरत नाही. मी तिला तुमच्याबद्दल, गॅरेजबद्दल, मामी गिऱ्हाइकाला बिल सांगताना कशी आधी पाणी देते त्याबद्दल सांगितलं. आपल्या गावचे रस्ते, तळ्याकाठची भिंत, सगळं. ती फार छान ऐकते. मान जराशी कलती करते आणि पडद्यावरची नजर काढून आपल्याकडे बघते. मामा, इथे दुसरं कुणी पडद्यावरून नजर काढत नाही. इथे सगळे भले लोक आहेत, पण संध्याकाळी जो तो आपापल्या दाराआड जातो आणि मग जिन्यातल्या दिव्याचा आवाज ऐकू येतो, इतकं शांत असतं. एकेका शर्यतीच्या निम्म्या वेळावर मी पुढची शर्यत येईपर्यंत तग धरायचो.

(मध्यंतरी लोकांनी फोनवरून मतं देण्याचीही पद्धत होती. ज्याला जास्त मतं त्या ड्रायव्हरला थोडी जादा वीज. आपल्या घरातल्या सगळ्यांनी आमच्या ड्रायव्हरला मत दिलं, एक तुम्ही सोडून. समोरच्या संघाच्या गाडीचा रंग तुमच्या पहिल्या मोटारसायकलसारखा आहे म्हणून तुम्ही तिकडे मत दिलंत आणि ते वर मलाच फोन करून सांगितलंत. त्याच गाडीने आम्हाला मागे टाकलं. मी मनात ठेवलेलं नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं.)

मग एका सकाळी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना कारखान्यात बोलावून जाहीर केलं की नवी बॅटरी तयार झाली, ती शर्यत संपेपर्यंत पुरते. आता माणशी एकच गाडी, उड्या मारणं बंद. टाळ्यांचा कडकडाट झाला. हा खेळ आता वयात आला, कुणाची हसायची बिशाद नाही, असं साहेब म्हणाले. बॅटरीवालीचे डोळे भरून आले होते, कारण त्या कामात तीही होती. आणि मामा, मी उभा राहिलो. म्हणालो, हा या खेळावर अन्याय आहे. ड्रायव्हर गाडीतून उडी मारतो त्यातच माणूस दिसतो, लोक तेच बघायला येतात. एकाच बॅटरीवर शेवटपर्यंत जाण्यात शौर्य कसलं, ते तर भिंतीवरचं घड्याळही करतं. बरंच बोललो. ज्याने इस्त्र्यांवरून कॉलेज सोडलं तोच आता इस्त्री सुधारू नका म्हणून भांडत होता, हे मला बोलतानाच जाणवत होतं, पण माझे ब्रेक पहिल्यापासून असेच.

उत्तर द्यायला बॅटरीवाली उठली. ती म्हणाली, "निम्म्या वाटेत गाडी टाकून पळावं लागतं याची मला लाज वाटायची. ती संपावी म्हणून मी सुट्ट्या सोडल्या, घरी गेले नाही. तुला नक्की कशाचं वाईट वाटतंय, ते एकदा नीट सांग."

मला नक्की कशाचं वाईट वाटत होतं, ते माझ्या तोंडाशी आलं होतं. पण समोर अख्खा कारखाना. मी म्हणालो, "पट्ट्यांचं."

सगळे हसले. ती हसली नाही. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली, आणि आमच्यात काम तर उरलंच नव्हतं.

आता मी काय करतो? टायरचं तापमान मोजतो आणि शर्यत सुटण्याआधी ड्रायव्हरच्या डोक्यावर छत्री धरतो. टायरसुद्धा असे निघालेत की कोरड्या आणि ओल्या दोन्ही रस्त्यांवर तेच चालतात, त्यामुळे मध्ये बदलायचीही सोय नाही. शर्यत सुटली की आम्ही सगळे रिकाम्या हातांनी भिंतीशी उभे. बॅटरी पुरते, पण जपून वापरली तरच. म्हणून आमचा ड्रायव्हर वळणावळणाला वीज वाचवतो, पाय उचलतो, ब्रेक लावताना थोडी परत मिळवतो. बाबा घरात आपल्या मागोमाग फिरून दिवे बंद करतात ना, तसं. बाबांना हेल्मेट घालून बसवलं तर ते ही शर्यत सहज जिंकतील. नेहमीच्या वाटेपासून जरा बाजूला एक आडवाट आखलेली असते, तिच्यावरून गेलं तर थोडा वेळ जादा जोर मिळतो. पण तिकडे वळताना हातातली जागा सोडावी लागते. आमचा ड्रायव्हर जागा नेमाने सोडतो. जोर मिळाल्याचं अजून दिसलेलं नाही.

आता जे लिहितोय ते मामीला वाचून दाखवू नका. तुमच्या गॅरेजमधली रीत तुम्हाला आठवतेच. अवघड बोलायचं असलं की इंजिन चालू करून बोलायचं. तुम्ही गिऱ्हाइकाला शिव्या द्यायचात त्या अॅक्सिलरेटर दाबून. मामी तुमच्यावरचा राग काढायची तो ट्रक सुरू असताना. मी नापास झाल्याचं आईनेही तुम्हाला तसंच सांगितलं होतं. ऐकलं तर ऐकलं, नाहीतर आवाजात गेलं, कुणाचंच काही बिघडत नाही. मी तिथे वाढलो. त्यामुळे ठरवलं की शर्यत सुटताना सगळ्या गाड्या एकदम आमच्यासमोरून जातील तेव्हा तिला सांगून टाकायचं. नवी गाडी जुनीपेक्षा जास्त आवाज करते, असं आमच्या मेकॅनिकने छातीठोकपणे सांगितलं होतं. करते. पूर्वी डास गेल्यासारखं वाटायचं, आता शेजारच्या घरात मिक्सर लावल्यासारखं वाटतं.

गाड्या सुटल्या आणि मी तिच्याशेजारी उभा राहून, गॅरेजच्या सवयीने घसा फाडून म्हणालो, "मला तुझ्याशिवाय करमत नाही."

साहेबांनी कानावरचं यंत्र काढलं. मेकॅनिक पाना हातात धरून तसाच राहिला. पलीकडच्या संघाचे लोकही वाकून बघू लागले. तिने वळून विचारलं, "काय म्हणालास?"

ऐकू आलं नव्हतं असं शक्यच नाही, मामा. तिने पुन्हा म्हणायला जागा दिली होती, हे मला आता कळतं. तेव्हा मी म्हणालो, "टायरचं तापमान किती आहे, विचारलं."

ती म्हणाली, "ते तर तूच मोजतोस."

"हो, म्हणूनच," मी म्हणालो. ती पडद्याकडे वळली. त्या शर्यतीत आम्ही कितवे आलो, ते मला सांगता येणार नाही.

हंगाम संपला की ती संघ सोडतेय. शर्यतीतली बॅटरी आता शहाणी झाली, आता बसची शहाणी करायची, असं म्हणून तिने कुठल्याशा गावी बसच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यात नोकरी धरलीय. चांगलंच आहे. खेळाने पुढे जायचं ते त्यासाठीच. मला काही वाटत नाही. छत्री धरणाऱ्याला काय वाटणार, फार तर खांदा दुखणार. सगळ्यांना यथायोग्य नमस्कार आणि धाकट्यांच्या पाठीत एकेक धपाटा.

तुमचा भाचा,
ठिणगी
(हे नाव इथे कुणाला सांगितलेलं नाही. बॅटरीजवळ काम करणाऱ्याला ते शोभत नाही.)

ता. क. ते कुठलंसं गाव म्हणजे आपलं गाव. तुमच्या गॅरेजपुढच्या वळणावर जो नवा कारखाना उभा राहिलाय, तोच. तुमची माडीवरची खोली रिकामी आहे, असं आई म्हणाली होती. तर तिथले जुने सायलेन्सर हलवून, चुना मारून, दाराशी 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावावी. पाटी मोठी असावी. ती आली तर मामीने तिला पहिले काही दिवस एकटीला जेवू देऊ नये, नव्या गावात तेच सगळ्यात जड जातं. मी काही सांगितलंय, असं दाखवू नका. लहानपणी मी रुसून गाडीच्या डिकीत जाऊन बसलो होतो, ती गोष्ट तर मुळीच काढू नका.

ता. क. २. पत्र बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. आमच्या मेकॅनिकने आज तिला विचारलं की तीन ठिकाणांहून बोलावणं असताना हे धुळकट गाव का निवडलंस. ती म्हणाली, "तिथल्या एका गॅरेजबद्दल खूप ऐकलंय." मी तिथेच होतो, छत्री मिटत होतो, ती मिटेना. यातून तुम्ही काही अर्थ काढू नका, मीही काढत नाही. तरीपण तिने आपणहून माझं नाव काढलं तर त्याच दिवशी कळवा, गॅरेज बंद ठेवावं लागलं तरी चालेल. नाही काढलं, तर कळवायची घाई नाही.