पोरगी कुठवर आली?

प्रिय सुधाकर भाऊजी,

'प्रिय' हा शब्द शोभाने आपल्या मनाने घातला आहे. मी नुसतं 'भाऊजी' म्हटलं होतं. पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणाली. असू द्या. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तुम्हाला चहाबाज म्हटलं, झोपाळू म्हटलं, प्रिय म्हणायचं राहूनच गेलं होतं.

मला अक्षर येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलते आहे आणि तुमची बायको लिहिते आहे. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. रिटायर झाली तरी तिची शाळा सुटलेली नाही. पण कोण काय बोललं ते बोलल्यासारखंच लिहायचं, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

तुम्ही जाऊन सव्वा महिना झाला. मग आजच पत्र काऊन? काल माझ्या लेकीने, वंदनाने, कॅनडातून घरच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल चार ओळी टाकल्या. शोभाने मोठ्याने वाचून दाखवल्या. काकांनी सायकल शिकवली, काकांनी गणित शिकवलं, सगळं छान. आणि शेवटी लिहिलं होतं, "बाबांना माझी मुलगी पाहायला मिळाली नाही, ती काकांची चूक मी मनातून कधीच माफ केली आहे."

शोभा डोळे पुसत होती. मी लसूण सोलत होते, तो तसाच राहिला. माफ केली! भाऊजी, जी चूक तुम्ही केलीच नाही तिची माफी! ती चूक माझी होती. वीस वर्षांवर झाली, मला ठाऊक आहे आणि मी बोलले नाही. तुमच्या बायकोलाही या ओळीपर्यंत यातलं काही माहीत नव्हतं.

तिने आत्ता मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही.

तो उन्हाळा आठवतो का तुम्हाला? तुमच्या दादांनी अंथरूण धरलं होतं. वंदनाला तिकडे मुलगी झाली. फोटो टपालाने आला, पण त्यात पोरीचे डोळे मिटलेले! वंदनाने चिठ्ठीत लिहिलं होतं की डोळे बाबांसारखे घारे आहेत. झालं! तुमच्या दादांना कानाने ऐकू येत नव्हतं, फोनचा त्यांना उपयोग नव्हता. त्यांचं एकच चालू. "मले तिचे डोये पाह्यचे हायेत. उघडे."

मेहकरात आपल्या आळीत तेव्हा कॉम्प्युटर एकट्या तुमच्याकडे. तुम्ही बाजार समितीत कारकून, आणि मराठी टायपिंग करायचं म्हणून तो डबा घेतलेला. वंदना म्हणाली, बारशाची फिल्म सीडीत भरून टपालाने पाठवते. तुम्हीच छाती काढून म्हणालात, "टपालाले महिना लागते. तू नेटवर टाक, मी चार दिवसांत उतरवतो." तुमचा स्वभावच तसा. नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं. लावलं की कोणी मांजराची शेपटी दाराच्या फटीत दाबावी तसं ओरडायचं. मग गप्प. मग मुंगीच्या पावलाने फिल्म उतरायला लागायची. आणि अर्ध्या तासात तुटायची. तुटली की पुन्हा पहिल्यापासून! तुमचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं व्हायचं.

मग तुम्ही अकोल्याहून एक सीडी आणली. म्हणालात, यात डाउनलोड मॅनेजर आहेत. मी विचारलं, "हे कोण साहेब? यांचा स्वयंपाक करू का?" तुम्ही इतके हसलात की शोभाच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर चहा सांडला. आठवतं ना?

दोन निवडून तुम्ही आम्हा दोघींना समोर बसवलं. वाचता येत नाही म्हणून मी त्यांना चित्रावरून ओळखायची. एकावर हिरवा बाण, दुसऱ्यावर पिवळी टोपली.

"हा बाणवाला फाइलीचे दहा तुकडे करून दाही संगच आणते, वहिनी. फास्ट!"

"अन् टोपलीवाला?"

"तो एकच धार आणते. पण मधात तुटलं, तं जेथून तुटलं तेथूनच पुढं चालू करते. हळू हाय जरा."

मी विचारलं, "भाऊजी, नळ एकच हाय ना? मंग त्याच्यापाशी दहा बाया घागरी घेऊन बसवल्या तं पाणी वाढते का?"

"वहिनी, कॉम्प्युटर म्हणजे नळ नोय."

"हाव, नळाले निदान दिवसाआड पाणी येते. टोपलीवाला घ्या."

तुम्ही बाणवाला घेतला. घाई होती ना! तुमच्या दादांची तब्येत दिसत होती सगळ्यांना. आणि तो मेला बाणवाला दहा तुकडे घेऊन बसायचा, तार तुटली की दाहीच्या दाही फेकून द्यायचा. नऊ दिवस गेले त्यात. नवव्या दिवशी तुम्ही माझ्याकडे न बघता टोपलीवाला लावलात.

मग मात्र फिल्म साठायला लागली. तुम्ही रोज दादांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायचे, "दादा, आज बारा टक्के! दादा, एकवीस!" आणि ते विचारायचे, "पोरगी कुठवर आली?" त्यांना वाटायचं, ती पायाकडून येते आहे. "गुडघ्यापर्यंत," तुम्ही सांगायचे. "कमरेपर्यंत आली, दादा." ते म्हणायचे, "डोक्याकडून काऊन नाही बोलावत बे तिले? डोये आधी आले असते!" घरात मरण दाराशी उभं होतं आणि आपण चौघे हसत होतो.

आता माझं सांगते.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला बजावलं होतं, "वहिनी, मधात फोन वाजला का नेट तुटते. मी बसलो का कोणाचा फोन येऊ देऊ नका." इतकंच. फोन कसा येऊ द्यायचा नाही, ते सांगितलं नाही. आपल्या घरी फोन दोन होते. एक तुमच्या कॉम्प्युटरपाशी, आणि दुसरा त्याच तारेवरचा, आमच्या खोलीत, तुमच्या दादांच्या उशाशी. कोणाचा फोन नको असला की लोक काय करायचे त्या काळी? रिसिव्हर काढून बाजूला ठेवायचे. मीही तेच केलं.

तुम्ही संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसायचे. मी भाकरी टाकायची, दादांना पेज भरवायची, औषध द्यायची, आणि मग आठवण यायची, अगंबाई, फोन! जायची आणि रिसिव्हर काढून हळूच उशीवर ठेवायची. वर रुमाल झाकायची! जणू लेकरू निजवलं. थोड्या वेळाने तुमच्या खोलीतून आवाज यायचा, "तुटलं बे पुन्हा!" मग मी म्हणायची, आता तुटलंच आहे तर फोन कशाला अडवून ठेवायचा. आणि रिसिव्हर जागेवर ठेवायची. तुम्ही उठून फोन कानाला लावून पाहायचे तोवर तार पुन्हा चांगली. तुम्हाला कळणार तरी कसं?

रोज. एक दिवस चुकवला नाही मी. तुम्ही सांगितलेलं कोणतंही काम मी इतकं मनापासून केलं नव्हतं!

तुमचे दादा गेले त्या सकाळी फिल्म त्र्याऐंशी टक्क्यांवर होती. तुम्ही स्मशानातून आलात, अंगावर पाणी घेतलं आणि ओल्या डोक्याने कॉम्प्युटरपुढे जाऊन बसलात. लावलं काही नाही. नुसते बसलात.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी तुम्ही एकदाच लावलं, आणि राहिलेली सगळी फिल्म एका बैठकीत उतरली. पाऊण तासही लागला नाही. आपण तिघांनी पाहिली. वंदनाच्या मांडीवर ती पोर, आणि तिने डोळे उघडले. घारे. तुम्ही तोंडावर टॉवेल घेतला. नंतर भेटायला आलेले पाहुणे म्हणाले, नशीब, दुसरं काय? पण मला कुठेतरी टोचलं. त्या दिवशी मी रिसिव्हर काढला नव्हता. काढायला त्या खोलीत गेलेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात उशाचा तो फोन काढून न्यायला लाइनमन आला. तुम्ही ऑफिसात. तो म्हणाला, "भाऊंनी नेट तुटते म्हून तक्रार केली होती, पण लाइन तं चोख हाय, काकू. इथला रिसिव्हर कोणी काढून ठेवत होतं का? दोन्ही एकाच तारेवर हायेत. इथं उचलला का तिकडचं नेट मेलंच समजा."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "चहा घेता का?"

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. तुम्ही ऑफिसातून आलात तेव्हा मी दारापर्यंत आले होते. तुम्हीच आधी बोललात. "वहिनी, तुमचं नळाचं ऐकलं असतं तं नऊ दिवस वाचले असते. दादानं पोरीले पाह्यलं असतं." आणि मी गप्प बसले. का बसले? तुम्ही मला शहाणी म्हणत होता, म्हणून? की भीती वाटली? दोन्ही असेल. सांगेन उद्या, असं म्हटलं आणि आत गेले.

मग वर्षश्राद्धाला वंदना आली, लेकीला घेऊन. जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर तिने विचारलं, "काका, एक फाइल नाही उतरवता आली तुम्हाला? मी सीडी पाठवत होते ना!" हातात भाजीचं भांडं घेऊन मी तिथेच उभी होते. तुम्ही पानाकडे बघत म्हणालात, "माही निवड चुकली, बाई. वहिनीनं बरोबर सांगतलं होतं." चांगला मोठा आवाज आहे माझा. उंद्रीला माहेरी मी शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची. त्या दिवशी तो फुटला नाही. मी तुमच्या पानात भाजी वाढली.

वंदना तुमच्याशी बोलायची थांबली नाही, पण कोरडी झाली. आधी फोन आला की "काकाले दे" म्हणायची. नंतर नुसतं, "काका बरे आहेत ना?" तुम्ही पलीकडे बसून ऐकायचे. आणि गावभर सांगत फिरायचे की शिकलेल्याला कळलं नाही ते आमच्या वहिनीला कळलं. दर वेळी ते ऐकलं की मी उठून आत निघून जायची, ते तुम्हाला कधी दिसलं नाही का हो? तुम्ही तरी एकदा विचारायचं होतं, की वहिनी, कौतुक केलं की तुमचं तोंड असं का होते!

नाही, हे मी तुमच्यावर ढकलते आहे. शोभा, खोडू नको, राहू दे. पण हेही लिही, की ढकलते आहे.

इथे शोभाने पेन खाली ठेवलं, भाऊजी. मग म्हणाली, "ताई, त्यांनी त्या कॉम्प्युटरले पुन्हा हात नाही लावला. टायपिंगचं काम सोडलं. मी इतकं म्हटलं, तं म्हणे माह्या हाताले यश नाही. तुमाले हे दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मंग काऊन नाही बोलल्या?"

माझ्याजवळ कारण होतं ते मी वर सांगितलं, आणि ते पुरत नाही.

मी म्हटलं, हे पत्र वंदनाला ग्रुपवर टाकून दे, म्हणजे झालं. त्यावर तुमची बायको, जी लग्न झाल्यापासून मला उलटून बोलली नव्हती, ती म्हणाली, "मी नाही टाकणार. माह्या अक्षराच्या मागं लपू नका. जे तोंड तवा बंद ठेवलं, त्याच तोंडानं सांगा."

मग उठून गेली. मला वाटलं, आता येत नाही. आली. डोळे लाल होते. पेन उचललं आणि म्हणाली, "सांगा पुढं." तुम्ही बाई चांगली निवडली, भाऊजी. तुमची निवड चुकते असं कोण म्हणतं?

तर ऐका. रविवारी सकाळी वंदना फोनवर दिसते, तिची लेक असते, सगळे असतात. तेव्हा सांगेन. 'कशी आहेस आई' याच्याही आधी. तुझ्या काकांचा दोष नव्हता, रिसिव्हर मी काढून ठेवत होते, आणि कळल्यावरही मी तोंड उघडलं नाही. जशीच्या तशी तीन वाक्यं. रडणार नाही. रडले तर तिला माझी दया येईल, आणि मग माझी कबुलीही अर्धीच राहील. तिने तुम्हाला दिलेली माफी मी तिला परत घ्यायला लावीन. मला दे, असं म्हणणार नाही. ते तिचं ती पाहील.

ती माझ्याशीही वीस वर्षं कोरडी बोलेल कदाचित. बोलू दे. पण माझं वय पाहता तिला जरा घाई करावी लागेल.

तुमची थोरली वहिनी

(हा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. तो खरा आहे आणि मला कबूल आहे. खालचा अंगठा माझा.)