गौरी गाईचा विमा

अहो,

भट्टीच्या कामावरून आल्यावर जेवून घ्या, भात झाकून ठेवला हाय. मी चरोद्याले चालली, भाऊरावासंगचा आपल्या गौरीचा सौदा मोडाले!

गाय गाभन राहत नाही, तिचा विमा कायले काढाचा, विकून टाकू, असं तुमी म्हनले होते. पन म्या आधीच बोलावलेला विम्याचा डॉक्टर आज आलाच. गौरीले तपासून हासत म्हने, "बाई, गाय तो गाभिन है!" म्या लगेच विम्याले हो म्हनलं. आता दोन जीव हायेत, खर्चाचं नाव काढू नका.

पेंड भिजवून ठेवा. अन् तुमच्या मायले सांगा, आता कोनालेच वांझ म्हनू नका. गोठ्यातबी अन् घरातबी.

हिरा